आठवणींवर आठवडी हप्ता

जुना फोटो हलता करून देणाऱ्या ॲपबद्दल कुणी तक्रार केली, की त्या धंद्याकडून येणारी उत्तरं ठरलेली असतात. सर्व्हर फुकट चालत नाहीत. भारतीय ग्राहकाला सगळं फुकट हवं असतं. किंमत पडद्यावर लिहिलेली होती, वाचली नाही हा वापरणाऱ्याचा दोष. आणि शेवटी, गेलेल्या वडिलांना पुन्हा हसताना पाहायला मिळालं असेल, तर चार पैशांचा हिशेब काढावा का? ही उत्तरं इतक्या आत्मविश्वासाने दिली जातात की तक्रार करणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. त्यांतलं पहिलं अर्धं खरं आहे. बाकीची तपासणीला टिकत नाहीत.

आधी तक्रार काय आहे ते पाहू. ॲप फुकट उतरवून घेता येतं. उघडल्यावर एकामागून एक रंगीत पडदे येतात. काळ्या-पांढऱ्या फोटोतली आजी मान वळवते, लष्करी गणवेशातला तरुण पापण्या मिटतो. मग आपला फोटो मागितला जातो. तो दिला की ‘चेहरा ओळखत आहे’, ‘हालचाल तयार होत आहे’ असं सांगणारी पट्टी पुढे सरकत राहते. पट्टी भरते, निकाल येतो, पण धूसर. चेहरा कुणाचा ते कळतं, काहीतरी हलतंय हेही कळतं, नीट मात्र दिसत नाही. त्यावर पैशांचा पडदा पडतो. ‘तीन दिवस मोफत’ हे ठळक अक्षरांत, ‘पुढे चला’ हे बटण पडद्याच्या रुंदीएवढं, आणि दर आठवड्याची रक्कम त्याखाली फिकट करड्या रंगात. बंद करायची फुली कोपऱ्यात असते, तीही काही सेकंदांनी उमटते. ती दाबलीच तर आणखी एक पडदा येतो: खास सवलत, उलटी मोजणी चालू. मोजणी संपते, ॲप पुन्हा उघडलं की घड्याळ नव्याने सुरू होतं. प्रत्येक ॲप हे सगळं करतं असं नाही. पण या प्रकारातली दोन-चार ॲप उतरवून पाहणाऱ्याला यातल्या बहुतेक गोष्टी भेटतात.

पैसे मागण्याला आक्षेप नाही. आक्षेप क्रमाला आहे. माणूस फोटो देतो, वाट पाहतो, मनाने गुंततो, आणि त्यानंतर त्याला किंमत कळते. तीच किंमत आधी सांगितली असती तर त्याने थंड डोक्याने हो किंवा नाही म्हटलं असतं. दुसरा आक्षेप मुदतीला आहे. आजोबांचा एकुलता एक फोटो हलता करून पाहणं ही आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करायची गोष्ट. तिच्यासाठी दर आठवड्याला खात्यातून रक्कम वळती करण्याचा करार कशाला? तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत फाटका, डागाळलेला फोटो दुरुस्त करून, मोठा करून, फ्रेमसकट मिळायचा; अजूनही मिळतो. दर आधी ठरतो, थोडी रक्कम आगाऊ जाते, पावती हातात येते, आणि फ्रेम घरी गेली की देणंघेणं संपतं. नवं तंत्र आलं म्हणून या साध्या व्यवहाराची रीत का मोडावी, याचं समाधानकारक कारण अजून कुणी दिलेलं नाही.

हा प्रकार पहिल्यांदा घराघरांत पोचला तो फेब्रुवारी 2021 मध्ये. ‘मायहेरिटेज’ या वंशावळीचं काम करणाऱ्या इस्रायली कंपनीने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ नावाची सोय आणली. तंत्रज्ञान ‘डी-आयडी’ या दुसऱ्या इस्रायली कंपनीचं होतं. जिवंत माणसांच्या हालचाली आधी चित्रित करून ठेवायच्या आणि साचा म्हणून जुन्या चेहऱ्यावर बसवायच्या, अशी ती पद्धत. भारतात भगतसिंगांचा फोटो डोळे हलवू लागला आणि ती चित्रफीत समाजमाध्यमांवर सर्वदूर फिरली. कंपनीला तिचं श्रेय द्यायला हवं. मोजकी चलचित्रं तिने फुकट दिली, त्यापुढे सदस्यत्व लागेल असं सांगितलं, आणि ते सदस्यत्व पूर्वजांची माहिती शोधण्याच्या मोठ्या सेवेचा भाग होतं. चेहऱ्याला वाचा मात्र दिली नाही. जिवंत माणसांच्या बनावट चित्रफिती कुणी करू नयेत म्हणून बोलण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही, असं कंपनीने तेव्हा लेखी सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी, मार्च 2022 मध्ये, त्याच कंपनीने त्याच भागीदाराबरोबर ‘लाइव्हस्टोरी’ आणलं. त्यात फोटोतला पूर्वज स्वतःची जीवनकहाणी बोलून सांगतो. संयम कंपनीच्या मर्जीवर सोडला तर तो किती काळ टिकतो, हे या दोन तारखांमधल्या अंतरावरून मोजता येतं.

तोवर हे तंत्र एका-दोघांचं राहिलं नव्हतं. एका चित्रातल्या चेहऱ्याला दुसऱ्या चित्रफितीतली हालचाल देणारं ‘फर्स्ट ऑर्डर मोशन मॉडेल’ 2019 मध्येच संशोधकांनी प्रसिद्ध केलं होतं आणि त्याचा कोडही खुला होता. पुढे फोटोवरून चित्रफीत बनवणारी मोठी मॉडेल भाड्याने मिळू लागली. आज ॲप दुकानात दिसणाऱ्या अशा अनेक ॲपच्या आत दुसऱ्याच कुणाचं इंजिन असतं. ॲपवाल्याचं स्वतःचं म्हणजे नाव, रंगसंगती, जाहिरात आणि पैशांचा पडदा. सगळ्यांकडे जवळपास सारखंच इंजिन असेल तर स्पर्धा इंजिनाच्या गुणवत्तेवर होत नाही. ती होते जाहिरातीवर आणि त्या पडद्यावर. म्हणून या ॲपमध्ये सगळ्यांत जास्त कष्ट घेतलेली जागा फोटो हलतो तिथे सापडत नाही, ग्राहक ‘पुढे चला’ दाबतो तिथे सापडते.

आता खर्चाचा मुद्दा, कारण त्यात तथ्य आहे. चित्रफितीतली प्रत्येक फ्रेम घडवायला ताकदवान आणि महाग जीपीयू लागतात, वीज लागते. पण हा खर्च किती, हे गुपित नाही. सप्टेंबर 2025 मध्ये गूगलने चित्रफीत बनवणाऱ्या स्वतःच्या ‘व्हिओ 3’ मॉडेलचा विकसकांसाठीचा दर सेकंदाला 75 सेंटवरून 40 सेंटवर आणला आणि ‘व्हिओ 3 फास्ट’चा 40 सेंटवरून 15 सेंटवर. म्हणजे त्या दराने या स्वस्त मॉडेलवर आठ सेकंदांची, आवाजासकट चित्रफीत सव्वा डॉलरच्या आत पडते. रुपयांत शंभराच्या आसपास. नुसती मान वळवणारी, पापण्या मिटणारी मुकी चित्रफीत त्याहून साध्या मॉडेलवर आणखी कमी खर्चात होते. शंभर रुपये ही क्षुल्लक रक्कम नाही. तिच्यावर नफा, कर आणि ॲप दुकानाची दलाली चढवून दीडशे-दोनशे रुपयांना एक चित्रफीत विकली, तर कुणी नावं ठेवणार नाही.

पण मग तशी विका ना!

ॲपवाला माल सेकंदाच्या हिशेबाने विकत घेतो आणि आठवड्याच्या हिशेबाने विकतो. सगळी मेख या दोन मापांमधल्या फरकात आहे. समजा एका बाईंनी पहिल्या दिवशी आईचे दोन फोटो हलते करून घेतले, भावंडांना पाठवले आणि ॲप विसरून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासाठी एकही जीपीयू तापला नाही. तिसऱ्यात नाही, सातव्यात नाही. रक्कम मात्र दर आठवड्याला वळती होत राहिली. सर्व्हरचा खर्च ग्राहक ॲप वापरतो तेव्हा होतो. आठवडी हप्ता मिळतो तो ग्राहक वापरत नसतानाही. खर्चाचा दाखला देऊन या वसुलीचं समर्थन करता येत नाही, कारण या वसुलीतला मोठा भाग जिथे खर्चच झालेला नाही तिथून येतो. विसरलेला ग्राहक या हिशेबात सगळ्यांत फायद्याचा ठरतो. ज्या धंद्याला ग्राहकाच्या विसरण्यातून फायदा होतो, तो त्याला आठवण करून देण्याची सोय मनापासून कशी बांधेल?

व्यावसायिकांसाठी असलेल्या सेवा निदान माप तरी उघड ठेवतात. चित्रफिती बनवून देणाऱ्या ‘रनवे’च्या ‘स्टँडर्ड’ योजनेत महिन्याला 625 क्रेडिट आणि तिच्या ‘जेन-3 अल्फा’ मॉडेलला सेकंदाला 10 क्रेडिट, म्हणजे महिन्याला साधारण एक मिनिटाची चित्रफीत, हे ग्राहकाला पैसे देण्याआधी कळतं. त्यातही खोट आहे. उरलेली क्रेडिट पुढच्या महिन्यात जात नाहीत, आणि मॉडेलने चेहरा वेडावाकडा केला तरी क्रेडिट जातात ते जातातच. दुसरीकडे गूगलने जुलै 2025 मध्ये अमेरिकेत ‘गूगल फोटोज’मध्ये एका फोटोची सहा सेकंदांची चित्रफीत करून देणारी सोय आणली, तिच्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत. हे दान नव्हे. जागा भरली की गूगल साठवणुकीचे पैसे घेतंच. पण धूसर पडदा आणि पळतं घड्याळ यांच्याशिवाय हे तंत्र लोकांपर्यंत नेता येतं, एवढं त्यातून सिद्ध होतं.

भारतीय ग्राहकाला फुकट हवं असतं, हा आरोप ऐकला की राग येतो. या देशातल्या मोबाईल जोडण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रीपेड आहेत. म्हणजे इथला माणूस पैसे आधी देतो, किती दिवसांसाठी देतोय ते पाहून देतो, आणि मुदत संपली की पुन्हा द्यायचे की नाही हे स्वतः ठरवतो. ऑगस्ट 2025 मध्ये यूपीआयवर एका महिन्यात 2,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्यांत चहाच्या टपरीवरचे दहा रुपयेही होते. एकेका चित्रफितीसाठी छोटी रक्कम घेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असं म्हणण्याची सोय यूपीआयने उरू दिलेली नाही. इथल्या ग्राहकाला खटकते ती किंमत क्वचितच. त्याला खटकतं ते अनिश्चित काळासाठी खात्याचं दार उघडं ठेवणं.

ही भीती रिझर्व्ह बँकेनेही ओळखली होती. 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना ग्राहकाला निदान 24 तास आधी द्यावी लागते आणि त्याला नाही म्हणण्याची सोय ठेवावी लागते. त्यानंतर 2022 मध्ये ॲपलने भारतात ॲप स्टोअरवर कार्डाने पैसे घेणंच थांबवलं. यूपीआय, नेट बँकिंग आणि खात्यातली शिल्लक हे मार्ग ठेवले. नियम चांगला आहे, पण लहान रकमांच्या बाबतीत त्याची धार कमी पडते. पहिली परवानगी एकदा दिली की 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुलीला पुन्हा ओटीपी लागत नाही. उरते ती सूचना, आणि ती कर्जाच्या जाहिराती, कुरियरचे निरोप आणि बँकेच्या शुभेच्छा यांच्या गर्दीत, इंग्रजीत येते. सत्तरीच्या सासूबाईंच्या फोनवर ती आली आणि त्यांनी वाचली नाही, तर दोष त्यांचा कसा?

इथून तिसऱ्या उत्तराकडे वळू: ‘किंमत लिहिलेली होती, वाचायला हवी होती.’ केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत अशा 13 प्रकारांची नावं आहेत. खोटी निकड निर्माण करणं हा त्यांतला एक. पुन्हापुन्हा नव्याने सुरू होणारं सवलतीचं घड्याळ थेट त्यात बसतं. महत्त्वाचं बटण ठळक करून दुसरं अंधुक ठेवणं हा आणखी एक. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं हाही स्वतंत्र प्रकार आहे. तिथे दिलेलं उदाहरण विमा नाकारणाऱ्या विमानप्रवाशाच्या तोंडी ‘मी असुरक्षितच राहीन’ असं वाक्य घालणाऱ्या संकेतस्थळाचं आहे. आठवणी जपण्याची संधी सोडताय का, असं विचारणारा पडदा याच जातकुळीतला. सर्वांत नेमकी आहे ती सदस्यत्वाच्या सापळ्याची व्याख्या. रद्द करण्याची वाट अवघड करणं किंवा लपवणं तर तीत आहेच. पण मोफत सदस्यत्व देण्यासाठी ग्राहकाला पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी द्यायला भाग पाडणं, हेही तीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘तीन दिवस मोफत’चा सगळा डोलारा याच परवानगीवर उभा असतो. ही तत्त्वं भारतात माल किंवा सेवा देणाऱ्या प्रत्येक मंचाला लागू आहेत, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. त्यामुळे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एवढं सांगून सुटका होत नाही.

तीन दिवसही पुरते तीन नसतात. ॲपलच्या व्यवस्थेत मोफत मुदत संपायच्या निदान 24 तास आधी सदस्यत्व रद्द करावं लागतं. उशीर झाला की पहिला हप्ता जातो. शिवाय ॲप फोनवरून काढून टाकलं तरी सदस्यत्व रद्द होत नाही. ते दुकानाच्या खात्यात, सदस्यत्वांच्या यादीत जाऊन वेगळं रद्द करावं लागतं. हे माहीत नसलेल्यांची संख्या किती मोठी आहे, याचा अंदाज सुरक्षाक्षेत्रातल्या ‘अवास्ट’ कंपनीच्या मार्च 2021 मधल्या पाहणीवरून येतो. किरकोळ कामासाठी अवाजवी हप्ता लावणारी 204 ॲप तिला ॲपल आणि गूगलच्या दुकानांत सापडली. ती शंभर कोटींहून अधिक वेळा उतरवली गेली होती आणि त्यांची कमाई 40 कोटी डॉलरच्या वर गेली होती. फोटो सजवणारी ॲप त्यांतही होती. या कमाईतला वाटा दुकानांनाही मिळतो, 15 ते 30 टक्क्यांच्या दराने. दुकानदार इथे त्रयस्थ नाही.

राहिलं चौथं उत्तर. भावनेची किंमत कशी करणार, हे वाक्य ऐकायला हळवं आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. ज्याच्याकडे वडिलांचा एकच फोटो उरला आहे, तोही शिधापत्रिकेवरून मोठा केलेला, त्याच्यापुढे धूसर पडद्यामागे त्या वडिलांचे डोळे हलताना दाखवायचे आणि मग रक्कम विचारायची, यात सौदा बरोबरीचा राहत नाही. दुःखातल्या माणसाची भाव करण्याची शक्ती सगळ्यांत कमी असते. किती मागितलं तरी देईल, अशा क्षणी किती मागावं याचं बंधन मागणाऱ्याने स्वतःवर घालायचं असतं, आणि ते तो घालत नसेल तर कायद्याने घालायचं असतं. अंत्यविधीचं साहित्य विकणाऱ्याने अव्वाच्या सव्वा पैसे घेतले तर समाज त्याला नावं ठेवतो. या ॲपना तोच न्याय का लावू नये?

शिवाय विकलं काय जातं, तेही बघायला हवं. मॉडेलपुढे एक स्थिर चेहरा असतो. ओठ मिटलेले असतील तर दात कसे होते हे त्याला ठाऊक नसतं. ते दात बनवतं. हसताना उजवा गाल आधी उचलायचा की डावा, मान किती तिरकी व्हायची, हे घरातल्या माणसांना माहीत असतं, मॉडेलला नसतं. ‘डीप नॉस्टॅल्जिया’मध्ये ती हालचाल दुसऱ्या कुणा माणसाची होती, आजच्या मॉडेलमध्ये ती लाखो परक्या चित्रफितींतून शिकलेली सरासरी असते. अनेकांना तेवढ्यानेही बरं वाटतं. त्यांच्या बरं वाटण्याचा मान राखायलाच हवा. पण ‘तुमच्या वडिलांना पुन्हा जिवंत करा’ अशी जाहिरात करणं म्हणजे जो माल आपल्याकडे नाही तो विकणं आहे. ‘या चेहऱ्यावर अंदाजाने हालचाल बसवून देऊ’ असं खरं सांगूनही पुष्कळ लोक पैसे देतील.

आणि ज्या फोटोवर हे सगळं घडतं, त्याचं पुढे काय होतं? जुलै 2019 मध्ये चेहरा म्हातारा करून दाखवणारं ‘फेसॲप’ गाजलं, तेव्हा त्याच्या अटींत वापरकर्त्याच्या मजकुरावर कायमचा, परत न घेता येणारा हक्क कंपनीने लिहून घेतल्याचं लोकांच्या लक्षात आलं. 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘एव्हर’ या फोटो साठवणाऱ्या ॲपच्या कंपनीवर कारवाई केली. तिने लोकांचे फोटो वापरून चेहरा ओळखणारं तंत्र घडवलं होतं आणि खातं बंद केलेल्यांचे फोटोही ठेवून घेतले होते. नुसते फोटो पुसून भागणार नाही, त्या फोटोंवर घडवलेली मॉडेलही नष्ट करा, असा आदेश आयोगाने दिला. म्हणून निकाल न पाहता ॲप सोडून देणाऱ्याचंही काही जातं. त्याने फोटो दिलेला असतो. बदल्यात त्याला एक धूसर चौकोन मिळालेला असतो. पैशांचा पडदा फोटो मागण्याच्या आधी असता, तर निदान हे देणं टळलं असतं.

अशा अटी लादल्या तर छोट्या कंपन्या बुडतील, असा शेवटचा बचाव होतो. यातल्या एकाही अटीने कुणी बुडू नये. फोटो मागण्यापूर्वी पूर्ण किंमत दाखवा. एका चित्रफितीचा सुटा दर ठेवा. मोफत चाचणीसाठी वसुलीची परवानगी मागू नका. एखाद्याने सलग दोन आठवडे ॲप उघडलंच नाही, तर हप्ता आपोआप थांबवा. कुणी ॲप उघडलं की नाही हे कंपनीला दर सेकंदाला कळत असतं. सूचना आणि अटी मराठीतही द्या. फोटो हलवणाऱ्या यंत्राला भाषांतर अवघड नाही. या अटींनी जी कंपनी खरोखर बुडेल, तिची कमाई चित्रफितींवर नव्हती, एवढंच त्यातून कळेल.

प्राधिकरणाने जून 2025 मध्ये ई-व्यापार मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून फसवी मांडणी काढून टाकायला सांगितलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत 26 मंचांनी तसं पाळत असल्याची लेखी हमी दिली. त्यांत फ्लिपकार्ट, झोमॅटो, स्विगी, बिगबास्केट, मेकमायट्रिप अशी नावं होती. किराणा, जेवण आणि तिकिटांच्या बाबतीत जी विचारणा झाली, ती आता ॲप दुकानांतल्या आठवडी सदस्यत्वांबाबत व्हायला हवी: धूसर निकाल दाखवून पैसे मागणारी किती ॲप तुमच्या यादीत आहेत, आणि न वापरलेल्या आठवड्यांचे किती पैसे तुम्ही परत केलेत? ज्यांचे पैसे असे गेले आहेत त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, रक्कम लहान असली तरी. प्राधिकरणाला कारवाईसाठी एकाच पडद्याबद्दलच्या पुष्कळ तक्रारी समोर दिसाव्या लागतात, आणि दोन-तीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, या हिशेबावरच हा हप्ता आजवर चालला आहे.